सी अर्चिन की वटवाघूळ?

नागपूरहून कुठल्याही दिशेनं निघा, समुद्र शेकडो किलोमीटर लांबच. तरी इथल्या प्राणिशास्त्राच्या वर्गात फलन शिकवायची वेळ आली की उदाहरण म्हणून सी अर्चिन हमखास येतो, समुद्राच्या तळाशी खडकांना धरून राहणारा काटेरी गोळा. दुसरीकडे, याच शहरातल्या विज्ञान संस्थेत (पूर्वीचं कॉलेज ऑफ सायन्स) गर्भविज्ञानाची जी परंपरा काही दशकं नांदली, ती वटवाघळांवर उभी होती. या दोन प्राण्यांच्या मागे संशोधनाच्या दोन रीती आहेत. सगळ्यांत सोयीचा प्राणी घेऊन त्यात नियम शोधायचा, ही एक. भोवतालचे प्राणी एकेक करून तपासायचे आणि नियम कुठवर टिकतो ते पाहायचं, ही दुसरी. खालच्या संवादातला मामा निवृत्त प्राध्यापक आहे, वटवाघळांच्या परंपरेत वाढलेला. भाची नागपुरातल्याच एका वंध्यत्व उपचार केंद्रात एम्ब्रिऑलॉजिस्ट आहे. दोघं कल्पित आहेत, वाद खरा आहे.

मामा: मला आधी एक सांग. आमच्या पोरांनी सी अर्चिन काहून शिकावा? पाहिलेला नसतो, हातात धरलेला नसतो. परीक्षेत आकृती काढतात, नावं देतात, मार्क घेतात आणि विसरतात. संध्याकाळी डोक्यावरून वटवाघळं जातात, त्यांच्या पोटात काय चाललंय हे मात्र कोणाला विचारावंसं वाटत नाही.

भाची: पोटात काय चाललंय ते दिसत नाही ना, मामा. सी अर्चिनचं सगळं बाहेर, उघड्यावर चालतं. त्याला पोटॅशियम क्लोराइडचं इंजेक्शन दिलं की काही मिनिटांत मादी अंडी सोडते, नर शुक्राणू सोडतो. एका मादीची लाखो अंडी. प्रत्येक अंडं मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढं, म्हणजे साधारण माणसाच्या अंडपेशीएवढंच, आणि पुष्कळ जातींत इतकं नितळ की आतला केंद्रक साध्या सूक्ष्मदर्शकातून दिसतो. काचपट्टीवर समुद्राच्या पाण्याच्या थेंबात अंडी घ्यायची, शुक्राणूंचं विरळ केलेलं पाणी त्यात सोडायचं आणि डोळा लावून बसायचं.

मामा: आणि दिसतं काय?

भाची: आधी नुसती धांदल. शुक्राणू अंड्याभोवतीच्या जेलीत शिरतात. जेलीच्या स्पर्शानं त्यांच्या टोकाशी असलेली बारीक पिशवी फुटते आणि 'बाइंडिन' नावाचं प्रथिन उघडं पडतं. त्याच्या आधारे शुक्राणू अंड्याला चिकटतो, तेही आपल्या जातीचं अंडं असेल तर. मग एक आत जातो. तो जिथे शिरला तिथून एक पातळ पडदा अंड्यापासून सुटायला लागतो, तव्यावरचा फुलका एका कडेनं फुगत जावा तसा, आणि मिनिटभरात अंड्याभोवती स्वच्छ गोल कडं उभं राहतं. उरलेले शुक्राणू कड्याबाहेर वळवळत राहतात. तासा-दोन तासांत अंड्याचे दोन भाग होतात, मग चार, आठ. सोळा पेशींच्या टप्प्यावर एका टोकाला चार अगदी लहान पेशी वेगळ्या दिसतात; पुढे अळीचा सांगाडा त्यांचीच पिल्लावळ बांधते. नंतर पोकळ गोळा होतो, तो पडदा फोडून पोहायला लागतो, एका बाजूनं आत दुमडतो आणि आतड्याची नळी तयार होते. हे सगळं दोन-चार दिवसांत, एका बशीत, कोणाचं पोट न फाडता.

मामा: देखणं आहे, नाही कोण म्हणतो? पण देखणं आहे म्हणून सगळ्या सृष्टीचा कायदा तिथेच लिहिलाय असं तुम्ही लोक धरून चालता, तिथे माझी हरकत आहे.

भाची: कायद्याचं पुढे बघू. प्रश्न कुठून आले ते आधी बघा. अंड्याचा केंद्रक आणि शुक्राणूचा केंद्रक एकमेकांत मिसळतात, फलन म्हणजे हेच, असं ऑस्कर हेर्टविगनं १८७६ साली छापलं ते भूमध्य समुद्रातल्या सी अर्चिनवरून. त्याआधी शुक्राणू अंड्यात जातो की नुसता जवळ येऊन काही चेतवतो, यावरच वाद चालू होते. दोन शुक्राणू एका अंड्यात शिरले तर काय होतं, हे थिओडोर बोव्हेरीनं पाहिलं तेही सी अर्चिनमध्येच. अशा अंड्यात गुणसूत्रांचे तीन संच येतात, विभाजनाला दोनऐवजी चार ध्रुव तयार होतात आणि वाटणी वेडीवाकडी होते. ज्या पेशींना जसा वाटा मिळाला तसं त्यांचं बिघडलं. त्यावरून १९०२ साली त्यानं म्हटलं की प्रत्येक गुणसूत्राचं काम निराळं आहे, एकाची जागा दुसरं भरून काढत नाही. मी रोज सकाळी कामावर गेले की पहिलं काम हेच करते.

मामा: गुणसूत्रं मोजतेस?

भाची: केंद्रकं मोजते. अंडपेशी आणि शुक्राणू एकत्र केल्यानंतर सोळा ते अठरा तासांनी बशी बाहेर काढायची आणि प्रत्येक अंड्यात किती केंद्रकं दिसतात ते पाहायचं. दोन असली तर फलन नीट झालं: एक आईचं, एक बापाचं. तीन दिसली तर ते अंडं बाजूला काढायचं, गर्भाशयात सोडायचं नाही. समोरच्या जोडप्यानं त्यासाठी पैसे मोजलेले असतात, बाईनं इंजेक्शनं सोसलेली असतात, तरी नाही. ते तिसरं केंद्रक काय घोटाळा करतं हे शंभर वर्षांपूर्वी नेपल्समध्ये एका माणसानं काटेरी गोळ्यात पाहून ठेवलं होतं.

मामा: बरं. मग आता माझं ऐक. दुसरा शुक्राणू आत येऊ नये म्हणून सी अर्चिनचं अंडं काय करतं?

भाची: दोन कुलपं लावतं. पहिलं विजेचं. पहिला शुक्राणू लागला की एक ते तीन सेकंदांत अंड्याच्या आवरणावरचा विद्युत दाब उणे सत्तर मिलिव्होल्टच्या आसपास असतो तो अधिक वीसवर जातो, आणि तेवढा वेळ दुसऱ्याला जुळता येत नाही. लॉरिंडा जॅफीनं हे १९७६ साली दाखवलं. दुसरं कुलूप म्हणजे तो फुगलेला पडदा. अंड्याच्या सालीखाली हजारो बारीक कण असतात, ते फुटतात आणि त्यातल्या रसांनी पडदा उचलला जातो, कडक होतो.

मामा: आणि ही दोन कुलपं वर्षानुवर्षं पाठ्यपुस्तकांत 'अंड्याची संरक्षणव्यवस्था' म्हणून छापली जातात. कोणाच्या अंड्याची, हे पोरांच्या ध्यानात राहत नाही. त्याच जॅफीबाईंनी सहकाऱ्यांना घेऊन १९८३ साली उंदराचं अंडं तपासलं, तर विजेचं कुलूप तिथे नव्हतंच. का असावं? समुद्रात अंड्यावर शुक्राणूंचा लोंढा येतो. सस्तन मादीच्या पोटात कोट्यवधींनी सुरुवात झाली तरी अंड्यापर्यंत पोचतात फार थोडे. ज्याच्या दारावर गर्दीच होत नाही त्याला सेकंदाच्या हिशेबानं दार लावायचं कारण नाही.

भाची: पण दुसरं कुलूप आहे. माणसाच्या अंड्यातही ते कण फुटतात आणि बाहेरचं आवरण बदलून दुसऱ्याला अडवतं.

मामा: एक आहे, एक नाही. म्हणजे अर्चिनवरून अर्धं बरोबर येतं, आणि कोणतं अर्धं हे दुसरा प्राणी उघडून पाहिल्याशिवाय कळत नाही. आणखी एक घे. अर्चिनचा शुक्राणू पाण्यात पडला की लगेच कामाला तयार. ससा-उंदरांचे शुक्राणू काढून अंड्याजवळ ठेवले तर ढिम्म काही होत नव्हतं. लोक थकले. मग १९५१ साली चँग आणि ऑस्टिन या दोघांना आपापल्या ठिकाणी उमगलं की सस्तन शुक्राणूला मादीच्या मार्गात काही तास काढावे लागतात, तेव्हा त्याला फलनाची ताकद येते. हे समजलं म्हणून पुढे ससा झाला, माणूस झाला, १९७८ साली पहिली टेस्ट ट्यूब बेबी लुईस ब्राऊन जन्मली. अर्चिनच्याच भरवशावर राहिले असते तर तुझी नोकरी कुठून आली असती?

भाची: ससा आणि उंदीर हेही सोयीचेच प्राणी, मामा. तुमची वटवाघळं त्यात कुठे बसतात?

मामा: येतो ना तिकडेच. कॉलेज ऑफ सायन्समध्ये एम. ए. मोघे होते. त्यांनी आपल्या मोठ्या फळखाऊ वटवाघळाच्या गर्भाची वाढ आणि वार कशी बनते, हे लिहून १९५१ साली लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेच्या नियतकालिकात छापलं. नंतर ए. गोपालकृष्ण. या माणसानं आणि के. बी. करीम, ए. माधवन यांच्यासारख्या सहकाऱ्यांनी एकामागून एक जाती हाती घेतल्या. कोणत्या महिन्यात अंडं सुटतं, गर्भ गर्भाशयाच्या कोणत्या बाजूला रुजतो, वार कशी घडते, गर्भाभोवतीचे पडदे कसे मांडले जातात. आणि गंमत अशी की एका जातीचं उत्तर दुसरीला लागू पडत नाही. काही जाती वर्षात ठरावीक मोसमात एकदा वितात. टॅफोझोअस लाँगिमॅनस नावाचं वटवाघूळ मात्र बारा महिने विणीला असतं, हे गोपालकृष्णांनी १९५५ साली मांडलं. काही जातींत गर्भ नेहमी उजव्याच बाजूला, काहींत डाव्या. एकाच छताखाली लटकणारी, एकच हवा खाणारी जनावरं.

भाची: आणि हे कळण्यासाठी किती जनावरं मारली?

मामा: मारली. ते झाकत नाही. जुन्या इमारतींतून, देवळांतून, भुयारांतून आणायची. अंडाशय, गर्भाशय काढून बुएन द्रावणात टाकायचं, मेणात बसवायचं, मायक्रोटोमवर मिलिमीटरचे शेकडो भाग पडतील इतक्या पातळ चकत्यांची पट्टी काढायची, काचपट्टीवर क्रमानं चिकटवायची, हिमॅटॉक्सिलिननं रंगवायची. एक चकती हरवली की गर्भ हरवला. चार पेशींचा गर्भ सापडावा म्हणून महिनाभराची चकत्यांची रास पाहायची, तेव्हा कुठे एखादा. तुझ्या बशीत एका तासात जे हलताना दिसतं, त्याचे आम्ही थांबलेले तुकडे जोडत होतो.

भाची: माझा मुद्दा तोच आहे, मामा. तुमच्याकडे क्षण होते, त्यांच्या मधला प्रवास नव्हता. शुक्राणू शिरल्यावर दहाव्या सेकंदाला अंड्यात काय होतं, हे चकतीत कधीच कळणार नाही. आणि कारण शोधायचं तर हात घालावा लागतो. मेलेल्या ऊतीत हात घालून काय बदलणार? टिम हंटनं १९८२च्या उन्हाळ्यात वुड्स होलला अर्चिनच्या अंड्यांत एक प्रथिन पाहिलं. ते वाढत जायचं आणि पेशी दुभंगली की एकदम नाहीसं व्हायचं, पुन्हा वाढायचं, पुन्हा नाहीसं. लाखो अंडी एकाच क्षणी फलित करता येतात आणि सगळी एका तालात दुभंगतात, म्हणून ते दिसलं. त्या प्रथिनाचं नाव सायक्लिन. माणसाच्या प्रत्येक पेशीत त्याचे भाऊबंद आहेत, कॅन्सरवरच्या काही औषधांचा निशाणा त्याच साखळीवर आहे. त्यासाठी २००१चं नोबेल हंटलाही मिळालं. एका वेळी बहुधा एकच पिल्लू देणाऱ्या वटवाघळात हे कोणाला सापडलं असतं?

मामा: नसतं सापडलं. पण वटवाघळानं जो प्रश्न विचारला तो अर्चिन विचारूच शकत नव्हता. आपल्याकडचं पिवळं वटवाघूळ, स्कोटोफिलस हीथाय. हिवाळ्यात नर-मादी एकत्र येतात. अंडं सुटतं मार्चच्या सुमारास. मधले काही आठवडे शुक्राणू मादीच्या पोटात जिवंत. युरोपातल्या एका जातीत तर सहा महिन्यांहून जास्त काळ टिकलेले आढळलेत. अर्चिनचा शुक्राणू पाण्यात विरळ झाला की बघता बघता निकामी होतो. शुक्राणू म्हणजे अल्पायुषी, घाईतला, हे समीकरण तुमच्या लाडक्या प्राण्यावरून डोक्यात बसलंय. वटवाघळाची मादी त्याला सांभाळते, तिचं शरीर त्याला आपलं म्हणून राखतं, आणि फलनाची वेळ ऋतू पाहून ठरते. मोसमी पावसाच्या मुलखात पिल्लू किडे-फळं मिळायच्या वेळी जन्माला यावं, हा हिशेब त्यात आहे. तुझ्या बशीत ऋतू नाही.

भाची: हे मानलं. बशीत आईच नाही, ऋतू कुठून असणार? पण सोयीच्या प्राण्याकडून मिळालेली एक वस्तू माझ्या टेबलावर आहे, ती सांगू द्या. कधी कधी शुक्राणू सुईनं थेट अंड्यात सोडला तरी अंडं जागं होत नाही. १९७४ साली स्टाइनहार्ट आणि एपेल यांनी दाखवलं की कॅल्शियम आत सोडणारं एक रसायन दिलं तर अर्चिनचं अंडं शुक्राणूविनाच जागं होतं, पडदासुद्धा उचलतं. म्हणजे शुक्राणू जो निरोप आणतो तो शेवटी कॅल्शियमचा. आज निवडक जोडप्यांच्या बाबतीत आम्ही त्याच जातीचं रसायन वापरतो.

मामा: आणि निरोपाची तऱ्हा? अर्चिनच्या अंड्यात कॅल्शियमची एक लाट येते आणि ओसरते. सस्तन अंड्यात तासन्‌तास लाटांमागून लाटा. एका झटक्यानं अंडं जागं होईलही, पण दोन्ही सारखं नव्हे.

भाची: नव्हेच, म्हणून ते सरसकट वापरत नाहीत. पण तुमच्या बाजूनं एक गृहीत आहे, ते मला खटकतं. जवळचा प्राणी खरा, दूरचा फसवा, असं तुम्ही धरता. मग हे पाहा. पेशी दुभंगताना दोरे ओढणारं जे केंद्र असतं, सेंट्रोसोम, ते गर्भात येतं कुठून? बोव्हेरीनं अर्चिनवरून सांगितलं, शुक्राणूकडून. उंदरात पाहिलं तर आईकडून. उंदीर सस्तन, आपला जवळचा. मग माणसातही तसंच असणार असं कोणालाही वाटेल. माणसाची अंडी तपासली तेव्हा निघालं, बापाकडून, अर्चिनसारखं. काही पुरुषांच्या वंध्यत्वाचं कारण या केंद्रातच असतं. उंदरावर भरवसा ठेवला असता तर तिकडे लक्षच गेलं नसतं.

मामा: (थांबून) हे चांगलं आहे. पण यानं तुझीही बाजू पडते. अर्चिन जिंकला तो सोयीचा म्हणून नाही, दुसरा आणि तिसरा प्राणी पाहिला म्हणून कळलं तो जिंकला.

भाची: त्यावर भांडण नाही.

मामा: मग हेही ऐक. जुना किस्सा आहे. विल्हेल्म रूनं १८८८ साली बेडकाच्या दोन पेशींच्या गर्भातली एक पेशी तापल्या सुईनं मारली. उरलेलीतून अर्धा गर्भ झाला. तीन-चार वर्षांत हान्स ड्रीशनं त्रिएस्तला अर्चिनचा दोन पेशींचा गर्भ पाण्यात हलवून पेशी वेगळ्या केल्या. प्रत्येकीतून आखी अळी, आकारानं लहान एवढंच. एक म्हणतो गर्भ म्हणजे आधीच वाटलेले तुकडे, दुसरा म्हणतो तुकड्यालाही पूर्ण व्हायचं माहीत असतं. ड्रीश तर पुढे प्रयोगशाळा सोडून तत्त्वज्ञानाकडे गेला.

भाची: आणि फरक प्राण्याचा नव्हताच. रूनं मेलेली पेशी तिथेच चिकटलेली ठेवली होती. नंतर बेडकाच्या पेशी खरोखर वेगळ्या केल्या तेव्हा त्यांतूनही पूर्ण गर्भ झाले.

मामा: पण फरक प्राण्याचा नाही, रीतीचा आहे, हे कळायला परत बेडकाकडेच जावं लागलं ना? माझं म्हणणं तेवढंच आहे. आणि आपल्या देशातलं उदाहरण घे. १९८६च्या ऑगस्टमध्ये मुंबईच्या केईएममध्ये डॉक्टर इंदिरा हिंदुजांच्या हातून टेस्ट ट्यूब बेबी हर्षा जन्मली, त्यामागचे शास्त्रज्ञ टी. सी. आनंदकुमार. त्यांचं सुरुवातीचं काम कशावर? राजस्थानातल्या वटवाघळांच्या प्रजननावर. वटवाघूळ पाहिलेला माणूस टेस्ट ट्यूब बेबीपर्यंत गेला.

भाची: तो माणूस हुशार होता म्हणून गेला, मामा. वटवाघळाचं श्रेय किती ते सांगता येणार नाही. पण उंदीर-सशापलीकडे पाहायची सवय असलेल्या माणसाला प्रत्येक जातीचं शरीर आपली वेळ स्वतः ठरवतं हे माहीत असतं, एवढं मी देते.

मामा: दिलंस तेवढं बस. आता वर्गाचं बोल. आधी काय शिकवायचं?

भाची: अर्चिन. ज्यानं फलन एकदाही घडताना पाहिलं नाही, निदान चित्रफितीत, त्याला लांबलेल्या फलनाचं नवल कसं वाटणार? नियम डोक्यात नसेल तर अपवाद समोर येऊनही ओळखू येत नाही.

मामा: आणि ज्यानं फक्त अर्चिन पाहिला त्याला अपवाद भेटणारच नाही. मी आधी वटवाघूळ ठेवीन. आपल्या गावचं जनावर आहे, पोर दुसऱ्या दिवशी वर पाहील.

भाची: यावर आपलं जमणार नाही.

मामा: नको जमू दे. पण एक अट मान. पुस्तकात 'अंड्यात असं घडतं' हे वाक्य आलं की पोरानं समासात लिहायचं, कोणाच्या अंड्यात.

भाची: मान्य. आणि खाली दुसरी ओळ: हे आणखी कोणत्या प्राण्यात तपासलं. फक्त ती ओळ रिकामी राहिली तर मार्क कापू नका. पुष्कळ ठिकाणी ते उत्तर अजून कोणी काढलेलंच नाही.